कुणाचं काही राहिलं का?

मावशींना सलाम.

मी सोलापूरचीच. वय 47. टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे, 22 वर्षं झाली. आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. शब्बाथ शाळेत मुलांना बायबल शिकवते, भगिनी मंडळाचं बघते, कमाईतला दशांश चुकवत नाही. फुशारकी म्हणून नाही, पुढचं नीट कळावं म्हणून सांगते.

सात वर्षांपूर्वी ईस्टरआधीच्या लेंटच्या दिवसांत संदेश ऐकला, ‘स्वतःची परीक्षा करा.’ तेव्हापासून वही घातली. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातले आत्म्याच्या फळाचे नऊ गुण, त्याचे नऊ रकाने. रोज रात्री प्रत्येकाला दहापैकी मार्क. मागच्या महिन्यात सगळ्या वह्या काढून बसले. सहनशीलता पहिल्या वर्षी चार होती, आजही चार. सौम्यता तीन, कधीमधी पाच. आनंद तर दोन वर्षांपासून दोनच्या वर गेला नाही. सात वर्षांत वाढ शून्य. मग माझ्यात खरंच प्रभूचा आत्मा आहे, की ही नुसती घराण्याची सवय? गेल्या दोन महिन्यांत चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर नि प्याला घेतला नाही. ताट आलं की पुढं सरकवते. पाळकसाहेबांना सांगायची लाज वाटते.

अजून एक. वरच्या मजल्यावर धाकटी जाऊ राहते. नळ एकच, पाणी चार-पाच दिवसांनी. मागच्या आधीच्या रविवारी उपासनेहून आलो आणि पाणी आलं. मी मोटार लावली, तिचा बॅरल भरायच्या आत पाणी गेलं. ती बोलली, मी चार शब्द जास्तच बोलले. त्यावर ती म्हणाली, ‘काय ओ अक्का, आत्ता चर्चमधून आलात, जीभ तीच!’ तेव्हापासून बोलणं नाही. बारा दिवस झाले, झोप लागत नाही. पूर्वी असं व्हायचं नाही मला. तिच्या लग्नानंतर आमचं एकदा वाजलं होतं तेव्हा सव्वा वर्ष बोलले नव्हते, आणि छान झोपत होते. पण तो वेगळा विषय.

वह्या जाळून टाकू का, एवढंच सांगा.

तुमची,
शून्य मार्कवाली

*

पोरी, सलाम.

‘पण तो वेगळा विषय’ या तुझ्या वाक्याखाली मी पेनानं रेघ मारली. पानभर वह्यांचा हिशेब, आणि जाऊबाई खाली उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात. मला तर त्या खालच्या ओळी म्हणजेच पत्र वाटलं. वरचं पान म्हणजे पाकीट.

आधी वह्यांचं बघू, कारण तू त्यांचंच विचारलंयस.

गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय पुन्हा काढ. 22 आणि 23 वचन. प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ नावं आहेत खरी, पण ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्यांना ‘फळ’ म्हणतो, एकवचनात. नऊ फळांची टोपली त्यानं मांडलेली नाही. डाळिंब एकच असतं, त्याला रंग, वास, गोडी, रस असतो. तू रोज रात्री ते फोडून नऊ वाट्यांत घालतेस आणि कोणती वाटी किती भरली ते बघतेस. फळाचं अजून एक आहे. त्याच्या आधीच्याच वचनांत ‘देहाची कर्मे’ सांगितली आहेत. कर्म आपण करतो. फळ धरतं. झाडानं संध्याकाळी स्वतःला मार्क दिल्यानं एक कळीही वाढत नाही.

आणि मार्क कोण देतंय? तूच. बाई, 22 वर्षं चेकिंगला काढलीस तू! टॉवेल दोन्ही कडांनी धरून ट्यूबखाली ताणायचा, सुटलेला लूप, तेलाचा डाग, किनारीची शिलाई बघायची, आणि जमला नाही तर सेकंडच्या गठ्ठ्यात टाकायचा. विणणाऱ्यानं स्वतःचा माल स्वतःच पास करायचा नाही, म्हणून तर तुझी नोकरी आहे. विणणारा लबाड असतो असं नाही. दिवसभर डोळ्यासमोर असलेलं त्याला दिसेनासं होतं, इतकंच. कधी उलटंही होतं. एखादा विणकर स्वतःच्या कामाबद्दल इतका धास्तावलेला असतो की चांगला मालही सेकंडला टाकेल. तू त्यातली दिसतेस.

139 व्या स्तोत्राच्या शेवटी स्तोत्रकर्ता म्हणतो, देवा, तूच मला पारखून बघ. ही दोन वचनं आपल्याकडं भिंतीवर लावतात, पण त्यांच्या आधीची चार कुणी लावत नाही. त्या चार वचनांत तो दुष्टांवर असा काही तापलाय की त्यांचा संहार कर म्हणतो, मी त्यांचा पुरेपूर द्वेष करतो म्हणतो. आणि त्याच श्वासात, अजून छाती धपापत असताना, ‘आता माझ्या आत बघ’ म्हणतो. रात्री साडेदहाला सगळं शांत झाल्यावर, वही-पेन घेऊन नव्हे. मोटार बंद करून, ओल्या पदरानं जिन्याशी उभी असताना तुला ते म्हणता आलं असतं. मलाही नसतं आलं, हे कबूल करते.

आता प्रभुभोजन. इथं मी जरा कडक बोलणार आहे.

‘स्वतःची परीक्षा करावी’ हे वचन पहिल्या करिंथकरांस पत्राच्या 11 व्या अध्यायातलं, 28 वं. आपल्या मंडळ्यांत पिढ्यान् पिढ्या ते असं ऐकवलं गेलं की बायाबापडे घाबरून ताट पुढं सरकवतात. पण पौल पुढं काय म्हणतो? परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी, त्या प्याल्यातून प्यावं. परीक्षा करून घरी बसावं असं तो म्हणत नाही. आणि हे तो कुणाला नि कशावरून लिहितो ते त्याच अध्यायात वर आहे. करिंथचे लोक एकत्र जमून जेवायचे, तेव्हा काही जण आपलं आपलं आधीच उरकायचे. एक जण उपाशी, दुसरा पिऊन तर्र. ज्यांच्याकडं काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असं पौल त्यांना सुनावतो. मग परीक्षेचं वचन येतं, आणि 33 व्या वचनात उपाय: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

एकमेकांसाठी थांबा. पोरी, नळ डोळ्यासमोर आण.

पौलाला करिंथकरांच्या मनातल्या आनंदाचे मार्क नको होते. ताटाशी कोण आधी पोचलं, कुणाच्या वाटणीचं संपलं, हे त्याला विचारायचं होतं. तुझी परीक्षा नऊ रकान्यांच्या वहीत चालली होती आणि पेपर मोटारीच्या बटणाशी होता. तुझी जाऊ तिखट बोलली, मान्य. उपासनेचा दाखला देऊन टोमणा मारणं मलाही आवडत नाही. पण तिनं चेकिंग केलं गं. एका वाक्यात डाग दाखवला. सात वर्षांच्या वह्यांत ‘जीभ’ असा रकाना नव्हता.

(घरचं माणूस बोललं की ते देवाचंच बोलणं, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. जिला सासरी रोज धारेवर धरतात, मारतात, तिला मी हा सल्ला देणार नाही. तिनं आधी स्वतःचा बचाव करावा. तुझ्या घरात तसं दिसत नाही. दोन दमलेल्या बाया आणि एक नळ, असं दिसतं.)

माझ्या सासूबाई सही करायच्या नाहीत, अंगठा उठवायच्या. 72 च्या दुष्काळात खडी फोडली त्यांनी. शास्त्र वाचता यायचं नाही. गाणी मात्र पुस्तकभर पाठ. मी लग्न होऊन आले तेव्हा शिकलेली, शिक्षिका, माझी आपली वेगळी प्रार्थनेची वही. सासूबाईंना मी मनातल्या मनात कच्च्या ख्रिस्ती समजायची. आता हसू येतं, तेव्हा नव्हतं येत.

रात्री झोपायच्या आधी दाराची कडी त्याच लावायच्या. दुसऱ्या कुणी लावलेली चालायची नाही. कडीवर हात ठेवून एक मिनिट तशाच उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, ‘आज कुणाचं काय आपल्याकडं राह्यलंय का गं?’ मला वाटायचं वाटी-ताटाचं विचारतात. शेजारणीची परात, उसनं पीठ. ते तर असायचंच. पण एका रात्री कडीवरचा हात काढला, चपला घातल्या, फडताळातून शेंगाचटणी वाटीत घेतली आणि अंधारात निघाल्या. मी विचारलं, आत्ता कुठं? म्हणाल्या, ‘दुपारी तिच्या पोराला उगा वरडले. तेवढं देऊन येते.’ पंधरा मिनिटांनी परत आल्या, कडी लावली, आडव्या झाल्या, घोरायला लागल्या. वाटी तिकडंच राहिली. दुसऱ्या दिवशी ती भरून परत आली.

मी त्या रात्री वहीत काय लिहिलं होतं ते आठवत नाही. वाटी आठवते.

तेव्हा पहिलं सांगणं: रकाने बंद कर आणि कडीवर हात ठेवून तो एक प्रश्न विचार. मिळालेलंही त्यात येऊ दे. आज कुणी आपल्यासाठी काय केलं, देवानं काय दिलं. रोमन कॅथलिक भावंडांमध्ये सोळाव्या शतकातल्या संत इग्नेशियसपासून रोजच्या आत्मपरीक्षणाची रीत आहे आणि ती आभारापासून सुरू होते, चुकांपासून नाही. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. रिकाम्या पोटी आरशासमोर उभं राहू नये.

आता ‘वाढ शून्य’चं. इथं तर तुझं गणितच चुकलंय, आणि चूक तुझ्याच पत्रात पडली आहे.

लग्नानंतरच्या भांडणात तू सव्वा वर्ष बोलली नाहीस आणि छान झोपत होतीस. या वेळी बारा दिवस झाले आणि झोप उडाली. सव्वा वर्ष म्हणजे साडेचारशेच्या वर दिवस. इतक्या रात्री तुझ्या मनाला जे टोचलं नाही, ते आता बारा रात्रींत सहन होईना. सहनशीलतेच्या रकान्यात तू याचे चार मार्क लिहिले असशील, कारण चिडलीस ना! पण चिडणं आणि चिडून निवांत झोपणं, या दोहोंत केवढं अंतर आहे. आत काहीतरी जिवंत झालंय, म्हणून दुखतंय. दबून बधिर झालेला पाय पुन्हा जागा व्हायला लागला की आधी कळच येते.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभूनं एका शेतकऱ्याचा दाखला दिलाय. तो बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळतही नाही. आपल्या मंगळवेढ्याच्या रानात जाऊन बघ. रब्बीची ज्वारी पेरतात तेव्हा पाऊस सरत आलेला असतो. पुढं महिनोन् महिने वरून थेंब नाही. तरी काळ्या जमिनीत खोल मुरलेल्या ओलीवर ती पुरुषभर उंच होते. रोज सकाळी ताट उपटून मुळं किती खाली गेली ते मोजणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही.

याला आपल्या साक्षीच्या सभाही थोड्या जबाबदार आहेत. उभा राहणारा प्रत्येक जण म्हणतो, मी असा होतो, मग प्रभू भेटला, आता असा आहे. मधली वीस वर्षं कुणी सांगत नाही. मंगळवारी पुन्हा घसरलो, बुधवारी जाऊन माफी मागितली, अशी साक्ष मी आयुष्यात दोनदा ऐकली असेल. म्हणून तुझ्यासारखीला वाटतं, सगळे पोचले, आपणच मधे.

‘नुसती घराण्याची सवय’ हा मात्र खरा प्रश्न आहे, आणि तो मी थोपटून झोपवणार नाही. तू एकटी नाहीस. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात वाँटेज इथं झाला. पुढं आठ वर्षांनी, शारदा सदनाचं काम जोरात असताना, त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, ख्रिस्त अजून सापडायचाय. हे त्यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवलं. केवढा मोठेपणा! मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली ऑक्सफर्डात असताना तासातासाची नोंद ठेवायचा, स्वतःच्या भक्तिभावाला अंकसुद्धा द्यायचा, अगदी तुझ्यासारखा. शांती काही मिळाली नाही. ती 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनच्या एका छोट्या सभेत मिळाली, कुणीतरी वाचत असताना, नुसतं ऐकता ऐकता. आपल्या करण्यावर नाही, ख्रिस्तावर भिस्त ठेवायची, हे तेव्हा आत उतरलं. वेस्ली त्यानंतरही डायरी लिहीतच राहिला, ती सवय काही सुटली नाही. रमाबाईंनीही सदन बंद केलं नाही. सवय वाईट नसते गं. चुलीसारखी असते. रोज सारवायची, कारण विस्तव आला तर ठेवायला जागा हवी. विस्तव मागावा लागतो, आणि तो वहीतून येत नाही. ‘मला ख्रिस्तच हवाय’ असं साध्या शब्दांत, पाठ केलेल्या प्रार्थनेशिवाय, तू शेवटचं कधी म्हणालीस? मला नको सांगूस.

एक गोष्ट मात्र सगळी आत्म्याच्या माथी मारू नकोस. आनंद दोन वर्षांपासून दोनच्या वर नाही, चिडचिड, झोप नाही, वय 47. बाई, अंगातही काही चाललेलं असतं या वयात. पाळीचं काय चाललंय, हिमोग्लोबिन किती, थायरॉईड तपासलं का? दवाखान्यात जाऊन ये. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून ‘मला मरण दे’ म्हणाला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली, झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा खायला लावलं. बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात आहे. देवाचं बोलणं त्यानंतर, बऱ्याच दिवसांनी.

पाळकसाहेबांची लाज वाटते म्हणतेस. त्यांच्याकडं नसेल जायचं तर भगिनी मंडळातली एखादी वयस्क बाई धर. जी कमी बोलते, जिच्या पोटात गोष्ट राहते, अशी. तिला वहीतलं सगळं वाचून दाखवू नकोस. ‘माझ्यात तुम्हाला काय बदललेलं दिसतं, आणि काय तसंच आहे?’ एवढं विचार आणि गप्प बस. ती आधी ‘काही नाही, तू चांगलीच आहेस’ म्हणेल. तरी गप्प बस. खरं उत्तर त्यानंतर येतं.

आणि जाऊबाई. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण वाहा. त्यातलं ‘मग येऊन’ विसरू नकोस. ताट पुढं सरकवून तू अर्धीच आज्ञा पाळत होतीस. वेदी सोडलीस, जिना चढली नाहीस.

वर जाशील तेव्हा ‘माझं चुकलं’ म्हण. ‘माझं चुकलं, पण तू पण’ असं नाही. आमच्या घरात माफीत ‘पण’ आला की सासूबाई म्हणायच्या, ‘दूध नासलं.’ ‘प्रभूनं मला सांगितलं म्हणून आले’ असंही नको, त्यानं उगाच आपण उंचावर जातो. ‘त्या दिवशी तुझा बॅरल राहिला, माझं चुकलं.’ पुरे. ती बोलेल किंवा नाही बोलणार. दार लावूनही घेईल. सव्वा वर्ष तूही काढलं होतंस, तिला चार दिवस दे.

नळाचं मात्र आधीच ठरवून टाका. एकदा तिनं आधी, एकदा तू, आणि मोटार अर्धा-अर्धा तास. कागदावर लिहून नळाशेजारी चिकटवा. प्रार्थनेनं सुटायच्या गोष्टी वेगळ्या, घड्याळानं सुटायच्या वेगळ्या.

वह्या जाळू नकोस, सात वर्षं गेलीत त्यांत. कोऱ्या पानांवर पाण्याचे दिवस लिही आणि पहिल्या दिवसापुढं तिचं नाव घाल. वर जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस, शेंगाचटणी घेऊन जा. वाटी तिथंच ठेवून ये.

तुझी,
मावशी